राहिलेला ‘नको’

दिनांक ४ मार्च १९८७, बुधवार. सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटे. मालवणच्या किनाऱ्यावरील आमच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांनी अंगठा राखेत बुडवला आणि माझ्या कपाळावर क्रूस काढला. मी माती आहे आणि मातीत जाणार आहे, याची आठवण त्यांनी दरवर्षीप्रमाणे करून दिली. रांगेत माझ्या मागे माझी पत्नी आनमारी उभी होती. त्या दिवशी आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, सैन्यात हवालदार होतो आणि वार्षिक रजेवर घरी आलो होतो. रजेचे अकरा दिवस उरले होते.

त्या दिवशी मला एकच काम करायचे होते. जवळच्या कट्टा गावी जाऊन परब गुरुजींना त्यांचा मुलगा कसा मेला ते सांगायचे होते. हे काम मी एक वर्ष आणि तीन आठवडे टाळले होते.

त्यांचा मुलगा म्हणजे लान्स नायक सदानंद परब. आमच्या बटालियनमध्ये देशाच्या सर्व भागांतले जवान होते. कंपनीत मालवणी बोलणारे आम्ही दोघेच, सदा आणि मी. त्याच्या वडिलांनी मला लहानपणी मालवणच्या शाळेत मराठी शिकवले होते; पुढे ते बदली घेऊन आपल्या गावी कट्ट्याला गेले. सदा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. तो मला नावाने हाक मारी आणि मी ती मारू देत असे. अधिकारी जवळ असले की तो ‘हवालदार साब’ म्हणे आणि डोळ्यांनी हसे.

जानेवारी १९८६ मध्ये आमची कंपनी उत्तरेकडील एका बर्फाळ पोस्टवर गेली. उंची सोळा हजार फुटांहून अधिक. खालच्या पोस्टवर मी आणि पाच जवान होतो. वर, उतारावर तीनशे मीटर अंतरावर, निरीक्षण चौकी होती. तिथे सदा आणि आणखी एक जवान असत. दोन्हींच्या मध्ये बर्फात रोवलेला दोर होता. दोर धरून खाली यायला वीस मिनिटे लागत.

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे चारला बर्फ वितळवणे. सहाला चहा. दर तासाला रेडिओवर हजेरी. दुपारी डबाबंद जेवण. एकदा माशांचे डबे आले, तेव्हा सदाने वरून रेडिओवर कळवले, ‘इनास, ह्यो मासो दोनदा मेलो रे. एकदा दर्यात आणि एकदा डब्यात.’ त्या महिन्यात मी हसलो असेन तर तेवढेच.

रेडिओचे तीन नियम होते. पहिला, बोलणे हिंदीत किंवा इंग्रजीत. दुसरा, वाक्य संपले की ‘ओव्हर’ म्हणायचे आणि त्यानंतरच सेटचा स्विच सोडायचा. तिसरा नियम मी स्वतः घातला होता: थंडीत बॅटरी मरते, म्हणून बोलून झाले की सेट कोटाच्या आत, अंगाला लावून ठेवायचा.

तिसरा नियम सदाने एकदाही मोडला नाही. पहिले दोन आम्ही दोघांनी मिळून मोडले. हजेरी नियमाप्रमाणे हिंदीत होई. ती संपली की दोन-चार वाक्ये मालवणीत होत, आणि त्या वाक्यांना आम्ही ‘ओव्हर’ लावत नसू. मी एकदा लावला, तर सदा म्हणाला, ‘आवशीक हाक मारताना ओव्हर म्हणतंस काय रे?’ आईला हाक मारायच्या भाषेत त्यानंतर मी ते लावणे सोडून दिले.

‘ओव्हर’चा उपयोग नागरिकांना सांगायला हवा. बोलणारा शेवटचा शब्द उच्चारता उच्चारता अंगठा उचलतो. ही सवय प्रत्येकाला असते. थंडीत आणि घाईत ती वाढते. अंगठा लवकर उचलला तर शेवटचा शब्द पलीकडे जात नाही. तो शब्द ‘ओव्हर’ असेल तर काहीच बिघडत नाही. प्रशिक्षणात आम्हाला हे शिस्त म्हणून शिकवले होते. कारण कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते.

११ फेब्रुवारी १९८६, सकाळी १०.१८. खालच्या पोस्टच्या डाव्या बाजूने बर्फाचा एक थर सुटून आला आणि आमचा एक जवान त्याखाली गाडला गेला. त्याचा एक हातमोजा वर दिसत होता. आम्ही पाच जण खणू लागलो. १०.२२ ला माझा सेट वाजला. सदाने वरून सर्व पाहिले होते. तो मालवणीतच बोलला.

‘इनास, माका दिसता सगळा. मी येव?’

मी वर पाहिले. दोराच्या वरच्या अंगाला, उतारावर आडवी, हातभर रुंद भेग पडली होती. वरचा थर अजून सुटायचा होता आणि तो दोरावरच येणार होता. माझ्या उजव्या हातात फावडे होते, डाव्या हातात सेट. मी म्हणालो,

‘सदा, येव नको.’

आणि अंगठा उचलला.

पलीकडून उत्तर आले, ‘येतंय.’

मला तत्काळ कळले. मी स्विच दाबून तीन वेळा त्याला तिथेच थांबायला सांगितले, ‘रव! थयच रव!’ उत्तर आले नाही. सेट त्याच्या कोटाच्या आत गेला होता. तो दोराजवळ आलेला मला दिसला. मी फावडे डोक्यावर धरून हलवले, परत जा अशी खूण केली. त्याने हात वर केला आणि वेग वाढवला. मी घाई करायला सांगतो आहे, असे त्याला वाटले असावे.

१०.३१ ला वरचा थर सुटला.

१०.५५ ला आमचा गाडला गेलेला जवान जिवंत निघाला. सदा १४.०५ ला सापडला. बचावासाठी आणलेले दोराचे वेटोळे त्याच्या खांद्यावर तसेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला खालच्या तळावर नेले. कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी मला तंबूत बोलावले. ते दयाळू अधिकारी होते. त्यांनी मला बसायला सांगितले.

‘परब को क्या आदेश दिया था?’

‘चौकी पर रुकने का, सर.’

‘साफ शब्दों में?’

‘जी, सर.’

त्यांनी लिहून घेतले. लॉगबुकात आदल्या दिवशी मी स्वतःच्या हाताने नोंद केली होती: १०.२२, चौकी न सोडण्याचा आदेश दिला. सदाबरोबरचा जवान ताप आल्याने झोपून होता. सदा दोर घेऊन बाहेर पडला, एवढेच त्याने पाहिले होते. मेजरसाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तुमने अपना काम किया.’

माझ्या उत्तरातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या दिवशीही राखेचा बुधवार होता. ते मला संध्याकाळी आठवले.

तीन आठवड्यांत चौकशी संपली. निष्कर्षात एक वाक्य होते: आदेश असतानाही चौकी सोडली. ते वाक्य परब गुरुजींना पाठवलेल्या पत्रातही गेले.

पुढचे वर्षभर मी काय केले ते लिहितो. मी रम सोडली. उपवासकाळ संपल्यावरही सोडलेलीच ठेवली. लोकांना वाटले, हवालदार सुधारला. रम सोडणे मला जड गेले नाही; ती मला कधीच फारशी आवडत नव्हती. मी सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकू लागलो. सदाच्या आत्म्यासाठी प्रार्थना केल्या. त्या सगळ्या प्रार्थनांच्या तळाशी एकच मागणी होती, ती म्हणजे हे कोणाला कळू नये. दहा वर्षांचा मुलगा खिडकीची काच फोडून जशी प्रार्थना करतो, तशीच ती होती. अडतिसाव्या वर्षी माझी श्रद्धा त्या वयाची होती, हे मला ठाऊक नव्हते. माणसाचे केस पिकतात तशी श्रद्धा आपोआप पिकत नाही.

मोहावर मी लहानपणापासून पुष्कळ प्रवचने ऐकली होती. त्यांतला मोह बाटलीतून येई किंवा परस्त्रीच्या रूपाने येई. त्या दोन्हींशी मी ठीक लढलो असतो. माझ्याकडे मोह आला तो मेजरसाहेबांच्या सहानुभूतीतून आला, आणि माझ्याच खऱ्या शब्दांतून आला. वाळवंटातल्या चाळीस दिवसांची कथा आमच्याकडे दरवर्षी वाचली जाते. सैतान तिथे प्रभूला मोहात पाडताना शास्त्रातलीच वचने वापरतो. हे मी तीस वर्षे ऐकत होतो. ज्या वर्षी मी स्वतः तसे केले, त्या वर्षी ते मला समजले.

रजेवर आलो त्याच संध्याकाळी आनमारीने एक गोष्ट सांगितली. कट्ट्याच्या शाळेने सदाची तसबीर सभागृहात लावली होती. लष्कराचे पत्र आले. गुरुजींनी ते लपवले नाही. ते पत्र घेऊन स्वतः शाळेत गेले, मुख्याध्यापकांना वाचून दाखवले आणि तसबीर स्वतः उतरवून घरी नेली. आज्ञा मोडणाऱ्याची तसबीर मुलांसमोर नको, एवढेच बोलले. घरातही त्यांनी ती लावली नव्हती.

त्या शनिवारी मी कुमसारला गेलो. पाद्रीबाबांपुढे पाप कबूल करण्याला आमच्याकडे कुमसार म्हणतात. मी सर्व सांगितले. जाळीपलीकडून त्यांनी विचारले,

‘त्याचा बापूस जिवंत आसा?’

‘आहे.’

‘कट्टा किती लांब?’

‘एसटीने पाऊण तास.’

‘मगे?’

त्यांनी क्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून एकही प्रार्थना सांगितली नाही. मी बाहेर आलो तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा: देवाने क्षमा केली आहे; आता गुरुजींना दुखवून काय साधणार? हा विचार मी चार दिवस बाळगला. तो अत्यंत धार्मिक विचार होता.

बुधवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर घरी येऊन मी कपडे बदलले. आनमारी दारात उभी राहिली. तिला सर्व माहीत होते. मे महिन्यातल्या नायब सुभेदारपदाच्या बढतीसाठी माझे नाव गेले आहे, हेही माहीत होते.

‘आता सांगान सदा परत येतलो?’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘मगे तेंच्या घायार मीठ कित्याक?’

‘घाव माझा आहे. मीठ त्यांच्या अंगावर पडले आहे.’

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. ‘छत्री घे, ऊन आसा,’ म्हणाली आणि आत गेली. मी छत्री घेतली.

सव्वासातची एसटी आठला कट्ट्याला पोहोचली. थांब्याजवळच्या हॉटेलात दोन माणसे बसली होती. मालकाने माझे बूट पाहून ओळखले.

‘मिल्ट्री? च्या घेवा.’

‘आज उपवास आहे. परब गुरुजींचे घर कुठे?’

‘गुरुजींकडे? म्हणजे पोस्ट सोडून पळालो, तेच्या बापाशीकडे?’

बाकावरचा एक जण म्हणाला, ‘पळालो नाय रे, सोडून इलो. गुरुजींनी आमका उठाबशे काढूक लावले शिस्तीसाठी, आणि सोताचो झिल बघ.’

दोघे हसले. मी तिथेच सांगू शकलो असतो. पण ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा नव्हता. मी रस्ता विचारून निघालो.

गुरुजींचे घर चिऱ्याचे, कौलारू. पत्नी वारल्यापासून ते एकटे राहत. वय एकाहत्तर. ओटीवर आरामखुर्चीत बसून ते वर्तमानपत्र वाचत होते. मी छत्री मिटून उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

‘इनास! ये रे, ये. किती वर्सांनी. बस.’ मग त्यांचे लक्ष माझ्या कपाळाकडे गेले. ‘ह्या काय? तुमच्यातय अंगारो लावतत?’

‘आज उपवासकाळ सुरू होतो, गुरुजी. राख लावतात.’

‘कसली राख?’

‘गेल्या वर्षी सणाला आशीर्वाद दिलेल्या माडाच्या पात्यांची.’

‘माडाची? मगे ती आमचीच,’ ते म्हणाले आणि किंचित हसले. ‘पाणी तरी चालता ना?’

पाणी त्यांनी स्वतः आणले. मी ते प्यायलो. तांब्या खाली ठेवला. ते म्हणाले, ‘तुझा नाव तेच्या सगळ्या पत्रांत असायचा. इनास आसा म्हणान माका काळजी नाय, असा लिवायचो.’

त्यांचे हे वाक्य संपल्यावर मी काही बोललो नसतो, तर तासाभराने निरोप घेऊन परतलो असतो. मी उभा राहिलो. अधिकाऱ्यासमोर अहवाल देतात तसा अहवाल दिला. वेळा सांगितल्या. भेग सांगितली. सदाचा प्रश्न आणि माझे उत्तर जसेच्या तसे सांगितले. अंगठा कधी उचलला ते सांगितले. मेजरसाहेबांनी काय विचारले आणि मी काय सांगितले तेही सांगितले. सहा-सात मिनिटे लागली असतील.

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली. ते बोलू लागले तेव्हा मालवणी गेली होती. शाळेतली मराठी आली होती.

‘म्हणजे त्याला फक्त “येव” एवढेच ऐकू गेले.’

‘होय, गुरुजी.’

‘मराठीत नकार शेवटी येतो.’

‘होय.’

त्यांनी समोरच्या माडांच्या आगराकडे पाहिले. मग म्हणाले, ‘एकट्या माणसाला बोलवायचे तर आपण “ये” म्हणतो. “येव” हा अर्धाच प्रयोग आहे. त्याच्यापुढे “नको” यायलाच हवा. माझ्या मुलाला हे कळायला हवे होते. मी त्याला शिकवले होते. तेव्हा चूक त्याचीही आहे.’

गुरुजी मला वाट करून देत होते की माझी परीक्षा घेत होते, हे मला आजही माहीत नाही. एवढे खरे की त्या वर्षात माझ्यासमोर जे मोह आले, त्यांत हा सर्वांत मोठा होता. कारण तो ज्याचे नुकसान झाले त्याच्याच तोंडून आला. मला फक्त मान हलवायची होती.

‘नाही, गुरुजी,’ मी म्हणालो. ‘त्याने “मी येव?” असे विचारले होते. त्याच्या कानाला त्याचाच शब्द परत गेला. समोर माणूस गाडला गेला होता. त्या वेळी कोणीही तेच ऐकले असते. त्याने आज्ञा मोडली नाही. त्याला मिळालेली आज्ञा त्याने पाळली. ती आज्ञा मी चुकीची पाठवली.’

गुरुजी उठले. मला वाटले, आता ते मला जायला सांगतील. ते आत गेले आणि कागद, टाक, दौत घेऊन आले. माझ्यासमोर ठेवले.

‘लिहा,’ ते म्हणाले. त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा.

कमांडिंग ऑफिसरांच्या नावे मी निवेदन लिहिले. मराठीत, त्याचे इंग्रजी भाषांतर गुरुजी करणार होते. माझे लिहून झाल्यावर त्यांनी कागद घेतला आणि लाल शाईची लेखणी उघडली. पहिल्या परिच्छेदात त्यांनी दोन वेलांट्या सुधारल्या. दुसऱ्या परिच्छेदावर थांबले. तिथे मी लिहिले होते: ‘संदेश अर्धवट पोहोचला.’

‘या वाक्यात कर्ता कोण?’

‘संदेश.’

‘संदेशाने काय केले? आपला आपण अर्धा झाला?’

मी टाक उचलला.

‘कर्ता लिहा.’

मी ते वाक्य खोडले. लिहिले: ‘मी नियमाप्रमाणे “ओव्हर” म्हटले नाही. शेवटचा शब्द पुरा होण्याआधी मी अंगठा उचलला.’

त्यांनी वाचले. पुढे गेले. खाली सरकता सरकता त्यांची लेखणी पुन्हा थांबली. मी घाईत लिहिले होते: ‘लान्स नायक परब यांना मी म्हणालो, “सदा, येव”, व पुढील शब्द गेला नाही.’

लेखणी तिथे किती वेळ थांबली ते मी मोजले नाही. मग ते बोलले तेव्हा मालवणी परत आली होती.

‘तू तोंडान काय म्हटलंस, ता पुरा लिव. तुझ्या मनात तेका वाचवचा होता. ता कागदार येवक व्हया.’

मी ‘येव’च्या पुढे ‘नको’ लिहिले. गुरुजींनी तो शब्द पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. सुधारणा करण्यासारखे त्यात काही नव्हते. तरीही त्यांनी त्या शब्दाखाली लाल शाईची एक सरळ रेघ ओढली. मी शाळेत असताना ते बरोबर उत्तराखाली अशीच रेघ ओढत.

इंग्रजी भाषांतर एक वाजता पूर्ण झाले. मी दोन्ही स्वच्छ उतरवून काढली. प्रत्येकी दोन प्रती. सही केली: हवालदार इनास रॉड्रिग्ज. गुरुजी जेवले, मी ओटीवर बसून राहिलो. अडीच वाजता कट्ट्याच्या पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केले. पोस्टमास्तरांनी पाकिटावर शिक्का मारला तेव्हा हॉटेलातला सकाळचाच माणूस खिडकीपाशी उभा होता.

‘गुरुजींकडे जावन इलास?’ त्याने विचारले.

‘होय. सदानंद परबने पोस्ट सोडली नव्हती. त्याला बोलावले होते. चुकून बोलावले, आणि ती चूक माझी होती. हे हॉटेलात सर्वांना सांगा.’

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

त्या पत्राचे पुढे काय झाले ते इथेच सांगतो. रजा संपवून परतल्यावर मला बोलावणे आले. मेजरसाहेबांनी निवेदन समोर ठेवले आणि विचारले, ‘एक साल बाद क्यों?’ मी म्हणालो, ‘डर था, सर.’ त्यांनी पुढे काही विचारले नाही. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती. मेच्या यादीत माझे नाव नव्हते, नंतरच्या याद्यांतही आले नाही. मी हवालदार म्हणूनच निवृत्त झालो. सदाच्या नोंदीतले वाक्य बदलले. सहकाऱ्याच्या बचावासाठी जात असताना मृत्यू, अशी नवी नोंद झाली आणि ऑगस्टमध्ये तसे पत्र गुरुजींना आले. ते त्यांनी शाळेत नेऊन वाचून दाखवले, जसे पहिले दाखवले होते.

गुरुजींनी मला क्षमा केली, असे ते कधी म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही. ते होते तोवर दरवर्षी राखेच्या बुधवारी मी त्यांच्याकडे जात असे. ते पाणी देत आणि मी पीत असे. त्या बुधवारांनी मला जे शिकवले ते थोडक्यात असे: देवापुढे गुडघे टेकणे सोपे आहे, कारण त्याला आधीच सर्व माहीत असते. ज्याला माहीत नाही त्याच्या ओटीवर जाऊन उभे राहावे लागते, तिथे श्रद्धेचे वय कळते. मोह त्यानंतरही आले. ते आवाजावरून ओळखायला मी शिकलो. जो आवाज माझे समर्थन करतो, त्याला मी आधी कर्ता विचारतो.

तर, त्या बुधवारी पोस्टातून मी पावती घेऊन परत गुरुजींच्या घरी गेलो. निवेदनाची दुसरी प्रत आणि पावती त्यांच्या हातात दिली. साडेतीन वाजले होते. त्यांनी दोन्ही वाचून कपाटात ठेवली. मग कपाटाच्या वर बोट दाखवले. वर वर्तमानपत्रात गुंडाळलेले, सुतळीने बांधलेले काहीतरी होते.

‘माझो हात पोचणा नाय,’ ते म्हणाले.

मी स्टुलावर चढून ते खाली काढले. सुतळी सोडली. गणवेशातला सदा. डोक्यावरची बेरे टोपी किंचित डाव्या कानाकडे झुकलेली. ती सरळ ठेव म्हणून मी त्याला किती वेळा बजावले होते. काचेवर धूळ नव्हती. कागद फक्त कडांना पिवळा पडला होता.

‘उद्या शाळेत न्हेतंय,’ गुरुजी म्हणाले. मग म्हणाले, ‘नको. पयली हयसर लाव. शाळेक दुसरी करून देवया.’

हातोडी आणि खिळे त्यांनी फळीवरून काढून दिले. बाहेरच्या खोलीची भिंत चिऱ्याची होती. पहिला खिळा तिसऱ्या ठोक्याला वाकला. मी तो उपटून काढला आणि चार बोटे खाली, दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात दुसरा ठोकला. तो बसला. मी तसबीर अडकवली. गुरुजी दारापर्यंत मागे गेले आणि तिथून पाहू लागले.

‘वायच डाव्याक,’ ते म्हणाले.

मी ती जराशी डावीकडे सरकवली.

‘रव.’

मी हात काढला. स्टुलावरून उतरलो, वाकलेला खिळा दगडावर ठोकून सरळ केला, हातोडीबरोबर फळीवर ठेवला, आणि छत्री घेऊन साडेचारच्या एसटीसाठी निघालो.